मी दुर्बिणीच्या बाकावरून उठून गेले

माझा खोकला घरच्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आला तो वीज गेल्यावर.

भिवंडीत आमच्या घराची मागची भिंत यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. लग्न होऊन आले तेव्हा त्या खडखडाटाने पंधरा दिवस माझं डोकं दुखत होतं, मग तो आवाज ऐकू येईनासा झाला. घरात सगळेच जरा मोठ्याने बोलतो, एवढंच. त्या वर्षी लोडशेडिंग फार होतं. एका दुपारी लूम एकदम थांबले आणि माझी मुलगी स्नेहल पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आई, तू अशी कधीपासून खोकतेयस?"

"झाला असेल महिना," मी म्हटलं.

तीन महिने झाले होते.

आधीचं दुखणं

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. तिशी उलटता उलटता येतो, बोटं वाकवतो आणि जन्मभर सोबत राहतो, तो. खोकला सुरू झाला तेव्हा या दुखण्याला अकरा वर्षं झाली होती.

मी शिवणाचा क्लास घेते. घराच्या पुढच्या खोलीत चार मशीनं आणि एक कटिंगचं टेबल. आसपासच्या मुली येतात, मराठी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या, आणि सगळ्या मला 'टीचर' म्हणतात. सुईत दोरा ओवणं मी कधीच सोडलंय. खडू दोन बोटांत अडकवून खुणा करते, कात्री मुली चालवतात. माझी मूठ पूर्ण वळत नाही. उजवा खांदा डोक्याच्या वर जात नाही.

इतकी वर्षं आजारी असलं की लोक धरून चालतात, हिला सवय आहे. सुया टोचून घ्यायची सवय, रांगेत बसायची सवय, डॉक्टरने 'बघू' म्हटलं की गप्प राहायची सवय. मलाही तसंच वाटायचं. जुन्या दुखणेकऱ्याला भीती कमी वाटते असं मीच लोकांना सांगायचे.

खोकल्यासाठी एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला डाग दिसला. आमच्या डॉक्टरांनी टीबी धरून औषध सुरू केलं. त्यांचंही काही चुकलं नाही, आमच्या भागात डाग म्हटलं की पहिलं तेच नाव येतं. लघवी केशरी व्हायची, अन्नाचा वास नको वाटायचा. क्लासच्या मुलींपैकी निम्म्या हळूहळू यायच्या बंद झाल्या. कोणी काही बोललं नाही. एकीच्या आईने निरोप पाठवला, 'घर में शादी है.' दुसरीच्या घरी पाहुणे आले होते. मी रागावले नाही. त्यांच्या जागी असते तर मीही मुलीला पाठवलं नसतं.

दोन महिने औषध घेऊन डाग तसाच. ताप तसाच. वजन मात्र सात किलो गेलं.

तो दिवस

आता नवऱ्याबद्दल लिहायचं तर नाव घ्यावं लागेल. एरवी मी घेत नाही. यशवंत. मानकोलीला एका गोदामात ते देखरेखीचं काम करतात. त्या दिवशी सुटी घेऊन ते मला ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते. फोटो उजेडाच्या पाटीवर लावून बराच वेळ बघत राहिले. मग आमच्याकडे वळले.

"दुर्बीण घालून बघावं लागेल. नाकातून आत नेतो, श्वासाच्या नळीत. आतून छोटासा तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. त्याशिवाय मी अंदाजाने औषध देणार नाही."

यशवंतनी विचारलं, "म्हणजे काय असू शकतं?"

"तीन शक्यता आहेत. टीबीच असेल, पण औषधाला दाद न देणारा. किंवा यांच्या संधिवाताचाच परिणाम. किंवा…" ते थांबले. "किंवा गाठ. आत्ताच कशाला नाव द्यायचं? आधी बघू."

यशवंत एक्स-रेच्या पाकिटावर लिहून घेत होते. 'गाठ' हा शब्द त्यांनी लिहिला नाही, तिथे नुसती एक रेघ मारली. आणि मी काय बघत होते? डॉक्टरांच्या शर्टाचं दुसरं बटण. ते दोनच धाग्यांवर लोंबत होतं. संध्याकाळपर्यंत पडणार, असं माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

आठ दिवस

तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली.

त्या आठ दिवसांबद्दल मला खरं लिहायचंय, कारण त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले. अशा वेळी माणूस रडतो, देवाला हाका मारतो, असं मी ऐकून होते. मला काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो तेव्हा तो आपलाच आहे हे डोळ्यांना दिसतं, पण चिमटा काढला तरी कळत नाही. माझं अख्खं माणूसपण तसं झालं होतं.

बघायला येणारे म्हणायचे, "किती धीराची आहे हो!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे कोणी असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं." मी चहा करून द्यायचे. धीर वगैरे काही नव्हता. पण तोंडावर कौतुक केलं की ते खोटं आहे हे सांगता येत नाही.

शरीर मात्र वेगळं वागत होतं. बादली नळाखाली लावून मी उभी राहायचे आणि पाणी पायांवरून वाहायला लागलं तरी नळ बंद करायचं सुचायचं नाही. तीन दिवस ओळीने आमटीत मीठ नव्हतं. मधेच आवंढा गिळता यायचा नाही, जणू नळी आत्ताच घशात आहे. आणि आवराआवर. माझा हात एक मिनिट रिकामा राहत नव्हता. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. क्लासच्या मुलींची मापं वेगळ्या वहीत उतरवून काढली.

सहाव्या दिवशी मी स्नेहलला कपाटाजवळ बोलावलं. ती तेव्हा बारावीला होती.

"हे बघ, खालच्या खणात तुझ्यासाठी दोन साड्या घेऊन ठेवल्यात. एक हिरवी, एक मोतिया. हिरवीला फॉल लावलाय, मोतियाला लावायचा राहिलाय. तो लांब टाक्याने लाव, नाहीतर चुण्या पडतात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "हे मला आत्ता का सांगतेयस?"

"माहीत असावं म्हणून."

"आई, तू कुठे चाललीयस?"

"कुठे नाही. परवा तपासणी आहे ना."

"मग तपासणीचं बोल की! बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत, मला पुस्तकात एक अक्षर दिसत नाही, आणि तू फॉल कसा लावायचा ते सांगतेयस. तुला काहीच वाटत नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

खरं होतं ते. पण असं खरं मुलीला सांगायचं नसतं. तिने कपाटाचं दार आपटलं आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला घेतली.

बाक

सकाळी उपाशीपोटी ठाण्याला गेलो. दुर्बिणीच्या खोलीबाहेर एक लांब लाकडी बाक होता. माझ्या शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. तेही भिवंडीचेच निघाले. तीस वर्षं लूमवर काम केलेलं, छाती भरलेली. त्यांच्याबरोबर कोणी आलं नव्हतं. मी त्यांना चाचा म्हटलं.

सिस्टरने आधी एक कागद सहीला दिला. 'काही कमीजास्त झाल्यास' असं त्यावर लिहिलं होतं. माझी सही एरवीही सावकाशच होते, त्या दिवशी 'सुलभा' लिहायला किती वेळ लागला कोण जाणे. पेन बोटांतून तीनदा निसटलं. मग यशवंतच्या हातात औषधांची यादी देऊन सिस्टर म्हणाली, "खालून घेऊन या. हे आले की घेते तुम्हाला आत."

यशवंत खाली गेले. खोलीचं दार उघडलं आणि आतून कोणाचा तरी खोकला ऐकू आला. साधा नव्हे. पाण्यात बुडणारा माणूस वर येताना करेल तसा. दार पुन्हा बंद झालं.

मी घाबरले नाही. मला दरदरून घाम फुटला नाही, छाती धडधडली नाही. मी फाइल उचलली आणि शेजारी ठेवली.

"चाचा, ये फाइल जरा देखना. मैं आयी."

"हाँ बेटा, जाओ," ते म्हणाले. त्यांना वाटलं, बाथरूमला चालली.

मी जिना उतरले. औषधाच्या दुकानासमोर रांग होती, त्यात यशवंतची पाठ दिसत होती. मी त्यांच्या मागून गेटबाहेर पडले. बस लागलेली होती, तिच्यात चढले. कंडक्टरने विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "अंजूर फाटा."

हे मी ठरवलं नव्हतं. कंडक्टरने विचारलं तेव्हा कळलं की मी तिथे चाललेय.

अंजूर

अंजूरला आमच्या सासूबाई एकट्या राहतात. शेताचा बराचसा भाग गोदामाला गेला. उरलेल्या पट्ट्यात, गोदामाच्या पत्र्याला लागून, त्या वाल आणि वांगी लावतात. मी पोचले तेव्हा त्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"कोन, सुलभा? यकटीच? यशवंत कुठं हाय?"

"ठाण्याला. त्यांना सांगितलं नाही. आज दुर्बीण घालणार होते, मी उठून आले."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, आत गेल्या, तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी घेऊन आल्या. "सकालपासून उपाशी हायस न? आदी खा."

मी खाल्लं. कित्येक दिवसांनी पूर्ण भाकरी खाल्ली. त्या समोर बसून होत्या.

"भ्यालीस?"

"नाही, आई. मला काहीच वाटत नाही."

"काय वाटत न्हाय, तं पलून कशाला आलीस?"

घास तोंडात तसाच राहिला. आठ दिवस सगळे मला शाबासकी देत होते, मुलीने शिव्या दिल्यासारखं विचारलं होतं, पण हा एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. माझे पाय दोन जिने उतरून बस पकडून इथवर आले, ते काय काही वाटत नव्हतं म्हणून?

सासूबाई पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. मान खाली घालूनच म्हणाल्या, "मना तं लय भ्या वाटतंय, बाय. रोज वाटतंय. शेजारनीला सांगतंय, देवाला सांगतंय. तू कोनाला सांगत न्हाय, म्हनून तं पाय पलतात."

मी रडले नाही. सिनेमात रडतात तशी वेळ होती ती, पण आलंच नाही रडू. मात्र मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, "हो. बहुतेक भ्यालेच असेन." ते शब्द दुसऱ्या कोणाबद्दल बोलावे तसे वाटले. तरी बोलले.

शेजारच्या घरी फोन होता. तिथून यशवंतच्या मोबाइलवर लावला.

"मी आईंकडे आहे."

 ते म्हणाले, "बरं. येतो."

यशवंत

ते आले, आईच्या हातचं पाणी प्याले, आणि मला घेऊन निघाले. रिक्षात बोलले नाहीत. घरी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावरही गेले नाहीत, खिडकीत बसून राहिले. जेवायच्या वेळी मी ताट वाढलं तेव्हा म्हणाले, "बस इथे."

मी बसले.

"तू कुठे गेलीस ते कळेना. प्रत्येक मजल्यावर बघितलं. बायकांच्या बाथरूमच्या बाहेर उभा राहून हाका मारल्या, सगळे बघायला लागले. मग खाली आलो. रस्त्याच्या पलीकडे गर्दी जमली होती, काहीतरी अपघात झाला होता. मला वाटलं, तू आहेस." ते थांबले. "गर्दीत शिरायचा धीर होईना. एका माणसाला विचारलं, साडी कुठल्या रंगाची आहे? तो म्हणाला, साडी कसली, मोटरसायकलवाला आहे. तेव्हा मी फुटपाथवर बसलो."

मला त्यांची माफी मागायची होती. शब्द होते, पण त्यांच्या मागे काही नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरला. माझ्या वाकड्या बोटांनी नीट धरता येत नाही, त्यांनीच धरू दिला.

"नको असेल तर नको करू," ते म्हणाले. "पण मला सांगून पळ. मी पण येतो."

त्यावर स्नेहल हसली. दोन दिवसांत घरात पहिल्यांदा कोणी हसलं होतं.

ती वस्तू

नवी तारीख घ्यायला आम्ही पुन्हा गेलो. मला वाटलं होतं, सिस्टर ओरडेल. तिने रजिस्टर उघडलं आणि म्हणाली, "तुम्ही पहिल्या नाही. मागच्या महिन्यात एक पैलवान पळाला, सलाइनची सुई हातात घेऊन."

मी तिला म्हटलं, "मला ती वस्तू बघायची आहे."

"कुठली?"

"नळी. आत जाते ती."

तिने घड्याळ बघितलं आणि मला खोलीत नेलं. खोली माझ्या क्लासएवढीच होती. कपाटात ती नळी टांगलेली होती. काळी, लवचीक, माझ्या करंगळीपेक्षा बारीक. मी आठ दिवस घशात जी नळी बाळगली होती ती आगीच्या बंबाच्या पाइपएवढी होती.

"एवढीच?"

"एवढीच. आता ऐका. आधी वाफ देतात, मग घशात फवारा मारतात. कडू असतो, घसा बधिर होतो. गिळता येत नाही असं वाटतं, पण येतं. नळी आत गेली की जोराचा खोकला येतो. तो येऊ द्यायचा, दाबायचा नाही. डोळ्यांवर पट्टी असते, बोलता येणार नाही. थांबायचं असेल तर हात वर करा."

"माझा खांदा वर जात नाही."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं असावं. "मग पाय. उजवा पाय हलवा. मी तुमच्या पायाजवळच असेन."

हे वाचणाऱ्या कोणाला दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची असेल तर माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. आधी ती वस्तू बघून घ्या. थांबवायची खूण आधी ठरवा, तुमच्या शरीराला जमेल अशी. कोणी तुम्हाला धीराचं म्हणालं आणि तुम्ही नसाल, तर तसं सांगा.

बाहेर आले तर बाकावर चाचा. रिपोर्ट घ्यायला आले होते. मला बघून दाढीतल्या दाढीत हसले.

"आप तो भाग गयी थीं! आपकी फाइल मैंने सँभाल के दी आपके आदमी को. बेचारा रो रहा था."

यशवंतनी दुसरीकडे बघितलं.

"कैसा होता है, चाचा? सच बताओ."

त्यांनी विचार केला. "सच बताऊँ? लगता है दम घुट गया. घुटता नहीं है. बस लगता है. अपने को बोलते रहने का, लगता है, लगता है." मग म्हणाले, "आपके बदले मेरा नंबर पहले आ गया था उस दिन. अच्छा हुआ. मैं भी उठने ही वाला था."

उजवा पाय

दुसऱ्या खेपेला यशवंत खाली गेले नाहीत. औषधं आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. दाराशी त्यांनी विचारलं, "पळायचंय?" मी म्हटलं, "नको."

फवारा खरंच कडू होता. घसा, जीभ, ओठ सगळं दुसऱ्याचं झालं. पट्टी बांधली. सिस्टरने माझ्या हातात टॉवेलची गुंडाळी दिली, कारण टेबलाची कड मला धरता येत नव्हती. त्या गुंडाळीबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ते लक्षात ठेवलं होतं.

नळी नाकातून आत गेली ते थंड लागलं, मग काही नाही, आणि मग एकदम खोकला. दारामागून ऐकला होता तोच, आता माझा. हवा संपली. मी मनात म्हणत होते, लगता है, लगता है. चारपाच वेळा म्हटलं असेल. मग शब्दही संपले आणि मी उजवा पाय हलवला.

"सर, थांबा," सिस्टरचा आवाज.

आणि ते थांबले.

नळी होती तिथेच स्थिर राहिली. "सुलभाताई, नाकातून घ्या श्वास. सावकाश. बघा, येतोय ना?" येत होता. बारीक, पण येत होता. मी पाय स्थिर ठेवला. "करू का पुढे?" मी पाय हलवला नाही. ते पुढे गेले.

अकरा वर्षांच्या आजारपणात माझ्या सांगण्यावरून कोणी थांबलं, असं पहिल्यांदा घडलं. डॉक्टर वाईट भेटले असं नाही. मीच कधी पाय हलवला नव्हता.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. नंतर दोन तास पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं. थुंकीत थोडं रक्त आलं, ते येणार हे सिस्टरने सांगितलं होतं. आवाज बसला. यशवंत खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसले आणि दर दहा मिनिटांनी किती वेळ उरला ते सांगत राहिले.

रिपोर्ट

रिपोर्टला आठ दिवस लागले. पुन्हा आठ. या वेळी मी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत. संध्याकाळी जेवताना आम्ही तिघंही आपापली भीती ताटात वाढून घ्यायचो. स्नेहल म्हणायची, "मला आज पाचवर आहे." दहापैकी पाच. यशवंत नेहमी नऊ म्हणायचे. मी म्हणायचे, "माहीत नाही." पण दोघंही मला विचारायचे.

डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही. टीबीही नाही. तुमचा संधिवातच फुप्फुसात उतरलाय."

यशवंतनी विचारलं, "म्हणजे बरं आहे ना?"

"बरं नाही. पण ओळखीचं आहे. याला औषध आहे. जन्मभर सांभाळावं लागेल, एवढंच."

यशवंत 'आलोच' म्हणून बाहेर गेले. मी दारातून बघितलं, पाण्याच्या कूलरजवळ भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि पाठ हलत होती. मी खुर्चीतच बसून राहिले आणि डॉक्टरांना विचारलं, कुठल्या गोळ्या आजपासून बंद करायच्या. मला आनंद झाला नाही. म्हणजे झाला असेल, मला कळला नाही.

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या. महिन्याभरात ताप गेला. त्या गोळ्यांनी तोंड सुजतं, भूक लागते, राग येतो. अजूनही थंडीत खोकला वाढतो, जिना चढताना मधे उभी राहते. पण त्या गोष्टीला आता वर्षं झाली आणि मी हे लिहितेय. चाचांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

नंतर

भीती मला रिपोर्टनंतर महिन्याने आली.

क्लासला सात मुली परत आल्या होत्या. मी कुर्त्याचा गळा शिकवत होते. सलमा नावाच्या मुलीने विचारलं, "टीचर, गला कितना गहरा लेने का?"

"साडेपाच," मी म्हटलं आणि खडू टेकवला. खडू कापडावर टकटक वाजायला लागला. मला वाटलं, कोणी टेबल हलवतंय. बघितलं तर माझा हात. मग दोन्ही हात, मग गुडघे.

"टीचर, ठंड लग रही है क्या?"

"नाही, नाही. तुम्ही करा. आलेच मी."

स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला पाठ लावून फरशीवर बसले. छाती धडधडत होती, तोंड कोरडं पडलं होतं, घाम मानेवरून खाली उतरत होता. जे सगळं त्या बाकावर व्हायला हवं होतं, ते आता होत होतं, जेव्हा काहीही व्हायचं कारण नव्हतं. मी मेले असते. हे वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. स्नेहलची परीक्षा, तिची लग्नाची साडी, यशवंतचं म्हातारपण, हे सगळं झालं असतं आणि मी नसते. मी रडायला लागले ते मोठ्याने.

स्नेहल नुकतीच कॉलेजमधून आली होती. दप्तर खांद्यावर तसंच घेऊन ती दारात उभी राहिली.

"काय झालं? दुखतंय का?"

"मला भीती वाटतेय."

"आत्ता?" ती म्हणाली. "आता तर सगळं ठीक आहे, आई."

"हो. आत्ताच वाटतेय."

तिने दप्तर खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. माझा हात आपल्या मांडीवर घेतला, माझी थरथर तिलाही लागत असणार. थोड्या वेळाने म्हणाली, "किती? दहापैकी?"

"दहा."

"बरं झालं," असं म्हणून तिने डोळे पुसले. माझे नव्हे, स्वतःचे.

पुढच्या खोलीतून मुलींची कुजबुज ऐकू येत होती. मग कात्री उचलल्याचा आवाज आला.

"जा, त्यांना सांग," मी म्हटलं, "गळा कापू नका, खूण अर्धी राहिलीय. चुकेल तो."

"चुकू दे," स्नेहल म्हणाली, आणि जागची हलली नाही.